आतली कडी

आमच्या घरात विटाळ पाळत नाहीत. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते लग्नाच्या बोलणीत. माझे होणारे सासरे मंद्रूपला आमच्या ओसरीवर बसून ते सांगत होते. हुंड्याचा विषय निघायच्या आत त्यांनी हे सांगितलं आणि मग हुंड्याचा विषय काढलाच नाही, एवढं त्यांच्या बाजूने आधीच सांगून ठेवते. आम्ही लिंगायत. पाळीतही बाईने गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा करावी, तिला शिवाशिव नाही, असं आमचा धर्म सांगतो. धर्म सांगतो आणि गावोगाव माणसं शेजाऱ्यांचं बघून तिला गुपचूप बाजूला बसवतात. माझी आई बसायची. त्यामुळे सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या या घरात येताना मला आपण पुढच्या शतकात राहायला चाललो आहोत असं वाटलं होतं.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणते. कापडाचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून ते व्याख्यानं देतात. विषय बहुधा स्त्री आणि समता. सोलापुरात व्याख्यात्याच्या खांद्यावर शेवटी चादर पडते, आणि कापडाच्या व्यापाऱ्याला चादर भेट देण्यातला विनोद अजून एकाही आयोजकाच्या लक्षात आलेला नाही. चादरीबरोबर काचेचं किंवा पितळी रंगाचं सन्मानचिन्ह येतं. ही सगळी सामग्री बैठकीला लागून असलेल्या एका खोलीत ठेवलेली असायची. त्या खोलीला खिडकी होती, पंखा होता, पण माणूस राहत नव्हता. सन्मान राहत होते.

अप्पा मासिक पाळीवर व्यासपीठावरून तासभर बोलू शकतात. मी ऐकलं आहे, चांगलं बोलतात. घरात मात्र तो शब्द मी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. जिथे काही पाळायचंच नाही, तिथे सांगायचं तरी काय? समोरच्या घरातली विणकराची बायको चार दिवस स्वयंपाकघरात जायची नाही, आणि ते अख्ख्या गल्लीला कळायचं. मला तिची कीव यायची. तिने एकदा विचारलं, तुमच्यात कसं असतं? मी म्हणाले, आमच्यात काही नसतं. बोलताना मान जरा वर गेली असावी.

आमच्यात काही नसतं, यावर घरातल्या सगळ्यांइतकाच माझाही विश्वास होता. म्हणून मला जे होत होतं ते पाळीशी जोडायला मला इतकी वर्षं लागली.

पोटात दुखणं वगैरे मला फारसं नव्हतं. माझं जे व्हायचं ते पाळी यायच्या आधी, आठवडाभर, कधी त्याहून जास्त. एका सकाळी जाग यायची ती दुसऱ्याच बाईला. तिला भांड्यांचा आवाज सहन व्हायचा नाही. तिला नवऱ्याच्या चहा पिण्याच्या आवाजात स्वतःचा अपमान ऐकू यायचा. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. एकदा या बाईने अकरावीच्या वर्गाला सांगितलं की या पुस्तकात वाचण्यासारखं काही नाही, तुम्ही घरी जा. ते खरंही होतं, पण सांगण्याची रीत चुकली. दुसऱ्या एका महिन्यात डब्याचं झाकण बसेना म्हणून ती स्टाफरूममध्ये रडली, आणि सहकाऱ्यांनी घरात कुणी गेलं का असं हळूच विचारलं.

हे सांगायला सोपं आहे, थोडं हसूही येतं. यापुढचं येत नाही. त्या दिवसांत मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाणं टाळायचे. पाय दुखतात असं सांगायचे. आपण नसलो तर घर किती शांत होईल, हा विचार तेव्हा वेडा वाटायचा नाही. हिशेबी वाटायचा.

मग पाळी यायची आणि एक-दोन दिवसांत गेलेली वीज परत यावी तसं सगळं जागेवर यायचं. पंखा फिरतोय, मुलगी गृहपाठ करतेय, नवरा बरा माणूस आहे. मग मला आधीच्या आठवड्यातलं बोलणं आठवायचं आणि मी पुरण शिजायला टाकायचे. पुढे मुलीच्या लक्षात आलं होतं. पोळ्या दिसल्या की ती विचारायची, आई, आता तू बरी झालीस का?

घरात याला नाव होतं. सासूबाई, म्हणजे अव्वा, कानडी मुलखातल्या. रागाला त्या सिट्टु म्हणतात. सूनबाईचा सिट्टु फार, एवढंच निदान. स्वभावाला औषध नसतं, त्यामुळे पुढे कुणी शोधलंही नाही. एका पाहुण्याने शेगडीची दिशा बदलायला लावली. एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी एका मुलीवर थांबलात म्हणून असं होतं, दुसरं होऊ द्या, असा सल्ला दिला, आणि तोही घड्याळाकडे बघत. मी रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. थायरॉईड ठीक, हार्मोन ठीक. अहवाल हातात घेऊन मी जिन्यात उभी होते आणि मला वाईट वाटत होतं. काहीतरी बिघडलेलं निघावं अशी माझी फार इच्छा होती.

शेवटी मी ते वाचून शोधलं. मला वाचायचीच सवय आहे, शिवाय लाज वाटत असली की माणूस कुणाला विचारण्यापेक्षा वाचतो. मग मनोविकारतज्ज्ञांकडे एकटी गेले. वयाने माझ्याहून लहान बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न गच्चीचाच विचारला. म्हणजे गच्ची त्यांना माहीत नव्हती, पण मरणाचे विचार येतात का, असं त्यांनी साखर किती घालू विचारावं तितक्या सरळपणे विचारलं. मी हो म्हणाले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं. घरातल्या एका माणसाला हे आज कळलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. गच्चीची किल्ली त्याने स्वतःच्या खिशात ठेवली आणि कपडे वाळत घालणं त्या दिवसापासून त्याचं काम झालं.

डॉक्टरांनी निदानाची घाई केली नाही. दोन पाळ्यांपर्यंत रोजच्या रोज मन कसं आहे ते टिपायला सांगितलं, कारण मागाहून आठवून सांगितलेलं भरवशाचं नसतं. मी मराठीची बाई, पहिल्याच दिवशी दीड पान लिहिलं. त्यांना नुसता आकडा हवा होता. पण चित्र स्पष्ट निघालं. या आजाराला प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर म्हणतात. नाव असं की उच्चारेपर्यंत पाळी यावी. पीएमडीडी म्हटलं तरी चालतं. पाळीआधीची साधी चिडचिड पुष्कळ बायकांना होते, हे त्याच्या पलीकडचं आहे आणि थोड्या बायकांना होतं. तुमचे हार्मोन ठीकच आहेत, त्या म्हणाल्या. त्यांचे चढउतार सगळ्याच बायकांत होतात, तुमचा मेंदू त्यांना फार तीव्रपणे उत्तर देतो, एवढाच फरक. म्हणजे तपासणीत काही सापडलं नाही याचा अर्थ मला काही नव्हतं असा होत नव्हता. हे वाक्य मला कुणीतरी जिन्यात सांगायला हवं होतं.

उपचार आहे, हेही तेव्हाच कळलं. उदासीच्या आजारावर देतात त्याच जातीची गोळी, कुणी रोज घेतं, कुणी फक्त पाळीआधीचे दिवस. त्या आजारात तिला परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, इथे बहुधा लवकर जाणवतो. काहींना विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्या लागू पडतात, काहींना समुपदेशनाचा उपयोग होतो. फारच हट्टी असेल तर पुढचेही मार्ग आहेत. मला पहिल्या गोळीने मळमळलं आणि वर्गात जांभया आल्या. माझ्या वर्गात हा अधिकार आजवर विद्यार्थ्यांचा होता. मात्रा बदलली. तिसऱ्या महिन्यात ती दुसरी बाई आली, पण दारात उभी राहिली, घर ताब्यात घेतलं नाही. पूर्ण गेली असं सांगणार नाही. गच्चीचे विचार मात्र गेले.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. त्या दिवसांत कामाचा, माणसांचा, आवाजाचा भार कमी करा. संध्याकाळी दार लावून पडा. दार लावा, पण फोन उचला.

आणि दार कुठे होतं? आमची खोली बैठकीतून स्वयंपाकघरात जायच्या वाटेवर. तिच्यातून मुलगी, मोलकरीण, दुकानातली माणसं, अव्वांचं दळण, सगळं जायचं. रिकामी खोली एकच, सन्मानांची.

मी ती मागितली, आणि चुकीच्या आठवड्यात मागितली. नवऱ्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज तारीख काय?"

हा निदानाचा मला न सांगितलेला दुष्परिणाम होता. आधी माझ्या बोलण्याला स्वभाव म्हणत, आता तारीख म्हणू लागले. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी तारीख. नवरा वाईट नव्हता. त्याला आजार समजला होता आणि समजल्याचा त्याला जरा आनंदच झाला होता. आता प्रत्येक मतभेदाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. मला गोळी मिळाली होती आणि त्या बदल्यात महिन्यातले अर्धे दिवस माझा शब्द जप्त झाला होता.

मी वाद घातला नाही. पाळी आली, गेली, दोन दिवस वर गेले. रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना, शेंगाचटणीचं भांडं पुढे सरकवत, मी तेच वाक्य तशाच आवाजात पुन्हा म्हणाले. मला बैठकीच्या बाजूची खोली हवी आहे, पाळीआधीच्या दिवसांसाठी. तारीख बघायची असेल तर बघून घ्या.

नवऱ्याने खरंच बघितलं. मग तो भाकरी मोडायला लागला.

पण खोली न देण्याचं खरं कारण तारीख नव्हतंच. ते अप्पांकडून आलं. त्यांचा हात ताटावर थांबला होता. "माझ्या घरात बाई बाजूला बसणार नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते व्याख्यानात कधी सांगितलेलं नाही. त्यांच्या मूळ गावी, वैरागला, त्यांच्या आईला गोठ्याच्या कडेला बसवत. पाणी वरून ओतत. लहानपणी एकदा ते पळत जाऊन तिच्या मांडीत बसले, तर त्यांना कपड्यांसकट अंघोळ घातली आणि आईला बोलणी बसली. लग्न झाल्यावर त्यांनी सगळ्या भावकीसमोर सांगितलं की माझी बायको रोज पूजा करील, कुणाला चालत नसेल त्याने येऊ नये. काही नातेवाईक बरीच वर्षं आले नाहीत. हे सांगताना त्यांचा आवाज व्यासपीठावरचा नव्हता. आणि आता, ते म्हणाले, लोक येतील आणि बघतील की याच घरातली सून महिन्याला एका खोलीत बसते. मी काय तोंड दाखवू?

मला त्यांचा राग आला नाही. गोठ्याच्या कडेला बसलेल्या बाईला विश्रांती मिळत होती असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना एक महिना तिथे बसवावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पण एका माणसाने पन्नास वर्षांपूर्वी दाखवलेलं धैर्य माझ्या दाराला कुलूप म्हणून लावलं जात होतं, आणि ते मी लावू देणार नव्हते.

"अप्पा, तुमच्या आईला आत यायची बंदी होती," मी म्हणाले. "मला दुसऱ्यांना बंदी करायची आहे. तिला कुणी विचारलं नव्हतं. मी मागते आहे. कडी आतून असणार आहे."

"लोकांना काय दिसणार? बंद दारच दिसणार."

"मग लोकांना मी सांगीन."

मग अव्वा, ज्या वाढत होत्या आणि ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्या एकदम हसल्या. "मला बी तवा कुणी इचारलं नव्हतं की," त्या म्हणाल्या. "ह्यांनी भावकीपुढं सांगितलं, बायको पूजा करील. केली. पाठ मोडायची, पायात गोळे यायचे, तरी पूजा करून वीस माणसांचा सैपाक केला. विटाळ गेला ते लई चांगलं झालं बगा. पर त्यासंगं बसणं बी गेलं."

अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. "कधी बोलली नाहीस."

"तुमी भाषणात असायचा की."

अप्पांनी ताक मागितलं. होकार म्हणावा असं ते काही बोलले नाहीत, आणि मी होकाराची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी सन्मानचिन्हं खोक्यात भरायला घेतली. माझी मुलगी एकेकावरचा मजकूर मोठ्याने वाचत होती, त्यामुळे काम आदरपूर्वक झालं. नवऱ्याने सुतार आणला. दाराला बाहेरून जुनी कडी होती, ती मी काढायला लावली. आतून नवी बसवली. सुताराने विचारलं, बाहेरची राहू दे ना वहिनी, घर बंद करताना उपयोगी पडते. मी नको म्हणाले.

पहिल्या महिन्यात मी त्या खोलीत नुसती झोपले. कॉलेज चालू असायचं, स्वयंपाकही सकाळचा माझाच. फक्त संध्याकाळनंतर मी आत. फोन उशाशी, मुलीला माहीत असायचं की दार वाजवलं तर आई बोलते. मी मात्र लक्षपूर्वक बघत होते, घरात लोक आल्यावर काय होतं ते.

ते दुसऱ्या महिन्यात झालं. एका संस्थेचे तिघे जण अप्पांना व्याख्यानाचं निमंत्रण द्यायला आले. भिंत एकच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. महिला मेळावा होता. विषय अर्थातच तो. एक जण म्हणाला, अप्पासाहेब, या विषयावर तुमच्याइतकं रोखठोक सोलापुरात कुणी बोलत नाही. मग चहा आला आणि दुसऱ्याने सहज विचारलं, सूनबाई दिसत नाहीत?

अप्पा थांबले. खूप नाही, घोटभर.

"गावाला गेली आहे," ते म्हणाले. "माहेरी."

मी पडले होते. डोकं जड होतं, डोळे सुजलेले होते, केस विंचरलेले नव्हते. तो आठवडा वाईट होता. गोळी असली तरी काही आठवडे वाईट असतात. पडून राहिले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण माहेरी गेलेली ही बाई मी ओळखत होते. इतकी वर्षं महिन्यातून एकदा तिला असंच कुठेतरी पाठवून दिलं जात होतं, स्वभावात, सिट्टुत, तारखेत.

कडी काढली आणि बैठकीत गेले. तिघेही उठून उभे राहिले, त्यांच्याकडे तेवढी रीत होती.

"मी गावाला गेलेली नाही," मी म्हणाले. "मला पाळीच्या आधी मनाचा त्रास होतो. आजार आहे, औषध चालू आहे. त्या दिवसांत मी या खोलीत असते. मला कुणी बसवलेलं नाही. तुम्ही चहा घ्या."

रोखठोकपणाचं कौतुक करणाऱ्या गृहस्थांनी बशीत बघायला सुरुवात केली. मी परत आत आले आणि कडी लावली. बोलले ते माझं होतं, कुठल्या तारखेचं नव्हतं.

पाहुणे लवकर गेले. नंतर दार वाजलं. अप्पांनी या घरात कुठलं दार कधी वाजवल्याचं मला आठवत नाही. ते सरळ आत येतात. मी उघडलं नाही.

"बाहेरच्या माणसांना इतकं सांगायची गरज होती का?" ते दारापलीकडून म्हणाले.

"होती."

"रागात बोललीस. तुला आता बरं नाहीये. आज..."

ते थांबले. पुढचा शब्द कुठला होता ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

"अप्पा, पुढच्या आठवड्यात विचारा," मी म्हणाले. "तेव्हा मला बरं असेल."

त्यांनी विचारलं. व्यापारी माणूस, दिलेली वेळ पाळतो. मी कॉलेजातून आले होते, डबा घासायला टाकला होता, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं आणि मला कुणाचाही राग आलेला नव्हता. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला, गरज होती का.

मी म्हणाले, होती. पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा सांगीन.

मग त्यांनी विचारलं, त्या आजाराचं नाव नीट काय आहे. मी सांगितलं. त्यांना पहिल्या खेपेला म्हणता आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.